हॉस्पिटल, डेटा आणि विद्यार्थी: या तिन्हींवर प्राध्यापकी उभी करायची असेल तर

बीई झालंय, किंवा एमबीबीएस, फार्मसी, स्टॅटिस्टिक्स काहीतरी झालंय, आता हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये पीएचडी करून शिकवायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बरेच जण भेटतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. लांबलंय, पण घाईत वाचायचा विषयही नाही हा.

आधी काम काय असतं ते समजून घ्या. पेशंटची माहिती कोण लिहितं, कुठे साठते, कोणाला कधी दिसते आणि तिच्यावरून काय ठरतं, हा झाला इन्फर्मॅटिक्सचा भाग. त्या माहितीच्या आजूबाजूला जे चाललेलं असतं, रांगा, बेड, शिफ्ट, औषधं, धावपळ करणाऱ्या सिस्टर, ते सगळं एकमेकांत कसं अडकलंय हे बघणं म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. आणि तिसरी गोष्ट विद्यार्थी, जी बहुतेक लोक सीव्हीत सगळ्यात खाली टाकतात. माझं मत उलटं आहे. हॉस्पिटलचा कुठलाही खरा प्रश्न पाच-सात वर्षं पुरतो आणि विद्यार्थी एक-दोन वर्षांत पास आऊट होतो, म्हणजे काम एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे नीट पोचवायची सोय ज्याने केली त्याचं संशोधन टिकतं, बाकीचे दर जूनमध्ये पहिल्यापासून सुरू करतात. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

पायरी १: तुमचं घर कुठलं ते ठरवा

दोन विषयांच्या मध्ये उभं राहणाऱ्याला पोस्ट मात्र एकाच डिपार्टमेंटमध्ये मिळते. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे बीई आणि एमई-एमटेक संबंधित ब्रँचमधलं लागतं, दोन्हीपैकी एकात फर्स्ट क्लास, आणि ते 'संबंधित ब्रँच' हे दोन शब्द इंटरव्ह्यूत फार छळतात. कॉम्प्युटरमध्ये बीई, बायोमेडिकलमध्ये एमटेक, पीएचडी तिसऱ्याच नावाच्या सेंटरमधून, असा माणूस कितीही हुशार असला तरी अप्रूव्हलच्या फाइलवर कोणीतरी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढतंच. म्हणून डिग्रीचं नाव साधं ठेवा, कॉम्प्युटर, इंडस्ट्रियल, मेकॅनिकल, जे असेल ते, आणि विषय थिसिसमध्ये पाहिजे तेवढा मिसळा.

डॉक्टर मंडळींचं जरा वेगळं आहे. मेडिकल कॉलेजात टीचिंगला एमडी लागते आणि इन्फर्मॅटिक्सला सगळ्यात जवळचं घर म्हणजे पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन. तिथे सर्व्हे, रजिस्टर, आकडेवारी हे आधीपासूनच चालतं, त्यामुळे तुम्ही परके वाटत नाही.

आपल्याकडे बघायच्या जागा सांगतो. आयआयटी बॉम्बेत कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे, तिथेच इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचा विभाग आहे, आणि मेडिकल उपकरणांसाठी बेटिक आहे. पुण्यात सीडॅकमध्ये एनआरसीईएस आहे, म्हणजे देशाच्या हेल्थ रेकॉर्ड स्टँडर्ड्सचं केंद्र, पुण्यातल्या अर्ध्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ते आपल्याच शहरात आहे हे माहीत नसतं. टिसला, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा कोर्स आहे, तिथली माणसं तुम्हाला हॉस्पिटल चालतं कसं ते शिकवतील. आणि भारतातल्या या विषयाच्या लोकांची संघटना आयएएमआय १९९३ पासून आहे, त्यांच्या कॉन्फरन्सला एकदा तरी नुसतं ऐकायला जा.

पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, वर एचआरए, सीनियर झाल्यावर ४२,०००. या विषयात तीन वर्षांत उरकेल असं धरून चालू नका, परवानग्यांतच बराच वेळ जातो, ते पुढे सांगतो.

गाइड निवडताना एकच प्रश्न विचारा: सर, तुमच्याबरोबर काम करणारे डॉक्टर कोण आणि किती वर्षांपासून? नाव पटकन आलं आणि 'कितीतरी वर्षं' असं उत्तर आलं तर जा. 'एमओयू झालेला आहे' एवढंच उत्तर आलं तर अजून दोन ठिकाणी विचारा.

पायरी २: हॉस्पिटलात जाऊन नुसतं बसा

ही पायरी सगळे गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. लॅपटॉप घरी ठेवायचा, वही-पेन घ्यायचं, परवानगी काढायची आणि ओपीडीत सकाळी केस पेपरची खिडकी उघडायच्या आधी जाऊन कोपऱ्यात बसायचं. पेशंट कुठून येतो, कुठे थांबतो, कितीदा तोच पत्ता सांगतो, रिपोर्ट घेऊन कोण पळतं, मावशी कुठली फाइल कुठे नेते, सगळं लिहायचं. मग वॉर्डात, मग एमआरडीत, म्हणजे जुने रेकॉर्ड ठेवतात तिथे. एमआरडीतला क्लार्क हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित तज्ज्ञ आहे, कुठला कॉलम खरा आणि कुठला फक्त भरायचा म्हणून भरलेला हे त्याला तोंडपाठ असतं.

का बसायचं? कारण डेटामधला घोळ डेटात बसून कळत नाही. उदाहरण बघा. बीपीची नोंद सिस्टिममध्ये दुपारी दोनची दिसते, वॉर्डातल्या पंधरा पेशंटची ओळीने दोन वाजताची, कारण सिस्टरने सकाळपासून कागदावर लिहिलं आणि शिफ्ट संपताना एकदम एंटर केलं. डिस्चार्जची वेळ म्हणून जी येते ती कधी डॉक्टरने लिहिल्याची असते, कधी बिल क्लिअर झाल्याची, आणि बेड प्रत्यक्षात रिकामा होतो तिसऱ्याच वेळेला, इन्शुरन्सचा पेशंट असेल तर टीपीएचं, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, अप्रूव्हल येईपर्यंत तो बेडवरच बसलेला असतो. वयं बघाल तर ४०, ४५, ५०, ६० वर ढीग, आणि जन्मतारखा भरमसाट १ जानेवारीच्या. यातलं काहीही न बघता कोणी मॉडेल बनवलं तर ते मॉडेल पेशंटचा नाही, क्लार्कच्या सवयीचा अंदाज बांधतं.

बसायचे काही नियम आहेत. शिफ्ट बदलताना सिस्टरला प्रश्न विचारायचे नाहीत, तेव्हा त्या हँडओव्हर देत असतात. फोटो काढायचे नाहीत, अगदी रिकाम्या टेबलाचासुद्धा, कारण मागे कोणाचा तरी चेहरा किंवा केस पेपर येतोच. डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं नाही. वॉर्डात नियमित जाणार असाल तर हिपॅटायटिस बीची लस आधी घ्या.

यासाठी एक चौकट उपयोगी पडते, सीप्स नावाची, विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात पास्काल कॅरायॉन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली. तिच्यात कामाचे पाच भाग आहेत: माणूस, त्याचं काम, साधनं नि टेक्नॉलॉजी, जागा, आणि संस्था. वहीतली प्रत्येक नोंद या पाचांपैकी कशात बसते ते बघा. अमेरिकेत औषध देताना पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करायची पद्धत आली तेव्हा काही नर्सेसनी त्या बारकोडच्या जादा प्रती काढून दुसरीकडे चिकटवून ठेवल्या आणि तिथूनच स्कॅन करायला लागल्या. वरवर बघणारा म्हणेल निष्काळजीपणा. पाच भागांत बघितलं की दिसतं, मनगटपट्टी ओली होऊन स्कॅन होत नाही, मशीन दारातून आत जात नाही, बॅटरी संपते, आणि औषधाची वेळ तर टळून चालत नाही. तुम्हाला हे असं बघायला शिकायचंय आणि पुढे शिकवायचंय.

पायरी ३: थोडं गणित, पण पक्कं

मशीन लर्निंगच्या आधी क्यूइंग, म्हणजे रांगांचं गणित, शिका. खरंच. लिटलचा नियम, १९६१ मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलेला, एका ओळीचा आहे: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. ओपीडीत तासाला ४० पेशंट येतात आणि प्रत्येक जण सरासरी दीड तास थांबतो, म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण ६० माणसं आत असणार, नातेवाईक वेगळे. खुर्च्या २५ असतील तर गर्दी का होते यासाठी वेगळी समिती नको.

आता पुढचं. एक डॉक्टर तासाला १० पेशंट बघू शकतो असं धरा आणि पुस्तकातलं सगळ्यात साधं एका खिडकीचं मॉडेल लावा. तासाला ८ आले तर पेशंट सरासरी अर्धा तास आत असतो. ९ आले तर एक तास. साडेनऊ आले तर दोन तास! म्हणजे डॉक्टर फक्त थोडे जास्त बिझी झाले आणि रांग मात्र दुप्पट-चौपट झाली. खऱ्या ओपीडीत सगळे नऊलाच येऊन उभे असतात म्हणून हे मॉडेल जसंच्या तसं लागू होत नाही, पण सुपरिटेंडंट मॅडमना 'स्टाफ शंभर टक्के बिझी ठेवणं' ही चांगली गोष्ट का नाही हे पाच मिनिटांत समजावता येतं, आणि तेवढ्यावर पुढच्या कामाची परवानगी मिळते.

त्यानंतर डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन, म्हणजे पेशंट आला, तपासला, गेला अशा घटना कॉम्प्युटरवर एकामागून एक घडवून बघणं, त्यासाठी पायथनमध्ये सिमपाय फुकट आहे. मग एसक्यूएल, आर किंवा पायथन, थोडं एपिडेमिऑलॉजी, आणि बायस कुठून शिरतो याची समज. फेल्युअर मोड ॲनालिसिस, म्हणजे काय कसं बिघडू शकतं ते आधीच शोधणं, मेकॅनिकलवाल्यांना आधीच येतं, तेच औषधांच्या चुकांना लावायचं.

पायरी ४: स्टँडर्ड्स, कंटाळवाणी पण पोट भरणारी

आपल्याकडे ईएचआर, म्हणजे पेशंटच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची, स्टँडर्ड्स २०१३ ला आली, २०१६ ला सुधारली. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दावलीचा सदस्य आहे, त्यामुळे इथे ती शब्दावली वापरायला फी लागत नाही, रजिस्टर करून लायसन्स घ्यायचं. लॅब टेस्टच्या कोडसाठी लॉइंक, तेही फुकट. आजारांच्या कोडसाठी आयसीडी, दहावी आवृत्ती सगळीकडे रुळलेली, अकरावी २०२२ पासून लागू. माहिती एका सिस्टिममधून दुसरीकडे न्यायला एफएचआयआर, सगळे त्याला फायरच म्हणतात, आणि भारतासाठीचे त्याचे प्रोफाइल एनआरसीईएसने बनवलेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, १४ आकडी आभा नंबर त्यातलाच, त्याचा सँडबॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर जोडून बघायची चाचणीची जागा, आहे, तो उघडून बघा.

सगळं पाठ करायची गरज नाही. एक काम करा: एका डिस्चार्ज कार्डातली सगळी माहिती हाताने फायरमध्ये बसवून बघा. 'छातीत धडधड होते, दोन-तीन दिवस झाले' याला कोड कुठला, 'गोळी अर्धी अर्धी सकाळ-संध्याकाळ' कुठे लिहायचं, हे करताना जे शिकाल ते कुठल्याही लेक्चरमध्ये मिळणार नाही. आणि सॉफ्टवेअर आतून बघायचं असेल तर बाह्मणी घ्या, ओपनएमआरएसवर बांधलेलं ओपन सोर्स, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलसाठी सुरू झालेलं. लॅपटॉपवर चालतं.

पायरी ५: डेटा आणि परवानगी

शिकायला डेटा पाहिजे तर मिमिक-फोर आहे, बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस हॉस्पिटलचा, फिझिओनेट या वेबसाइटवर मिळतो. छोटा ऑनलाइन कोर्स करून, करारावर सही करून ॲक्सेस घ्यावा लागतो, आणि तो प्रत्येकाचा स्वतःचा असतो, एकाने उतरवून पेन ड्राइव्हवर मित्राला द्यायचा नाही, बाहेरच्या एआय चॅटबॉटमध्ये पेस्ट तर अजिबात नाही. त्यातली वर्षं २१०० च्या पुढची दिसतील, घाबरू नका, ओळख लपवायला तारखा मुद्दाम सरकवल्यात. नुसता सराव करायचा असेल तर सिंथिया खोटे पेशंट तयार करून देतं, फायरमध्येच, पण ते पेशंट मूळचे मॅसॅच्युसेट्सच्या आकडेवारीवर बेतलेले आहेत हे विसरू नका.

आणि आता डायबेटिसचा अंदाज बांधणाऱ्या प्रोजेक्टचं. दर वर्षी हजार प्रोजेक्ट त्याच एका फाइलवर होतात, पिमा इंडियन्सची, ७६८ ओळी, निकालाचा सोडून ८ कॉलम. हे इंडियन्स म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहणाऱ्या पिमा समाजाच्या, २१ वर्षं आणि त्यावरच्या बायका. त्यात ३५ जणींचं बीपी शून्य आहे आणि ३७४ ओळींत इन्सुलिन शून्य. बीपी शून्य असलेली बाई ओपीडीत चालत येत नाही हो! ते शून्य म्हणजे मोजलंच नाही. हे न बघता काढलेल्या ॲक्युरसीचा पेपर घेऊन कोणी आलं तर मी पहिला प्रश्न याच शून्यांचा विचारतो.

खऱ्या हॉस्पिटलचा डेटा पाहिजे असेल तर आयसीएमआरची २०१७ ची नीतिनियमावली वाचा, एथिक्स कमिटीकडे प्रपोजल टाका. जुना, नाव काढलेला डेटा असला तरी, परवानगी लागणार नाही हे तुम्ही किंवा तुमचा गाइड ठरवत नाही, कमिटी ठरवते, आणि तसं पत्र हातात घ्या, जर्नल ते मागतं. मीटिंग दर महिन्याला होईलच असं नाही, एक क्वेरी आली की पुढची तारीख, त्यामुळे इंजिनिअरिंगचं सेमिस्टर सुरू झाल्यावर अर्ज केला तर प्रोजेक्ट संपतं आणि पत्र नंतर येतं. अर्ज आदल्या वर्षी करा, तोही एका प्रोजेक्टसाठी नाही, चार-पाच प्रश्न सामावतील असा मोठा प्रोटोकॉल करून. विद्यार्थी बदलले की फक्त नावांची दुरुस्ती पाठवायची.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. छोटा तालुका, दुर्मिळ आजार आणि ॲडमिशनची तारीख, एवढ्यावर गावातला कोणीही माणूस ओळखतो. टेबलात पाचपेक्षा कमी पेशंटचा गट दाखवू नका. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा कायदाही एकदा शांतपणे वाचून काढा.

पायरी ६: विद्यार्थी, म्हणजे खरं इंजिन

शिकवायला लागल्यावर पहिल्या वर्षी ॲप बनवू देऊ नका. पोरं आली की तिसऱ्या दिवशी फ्लटरमध्ये काहीतरी दाखवतात, छान रंगीत, आणि डॉक्टर 'व्हेरी गुड' म्हणून मोबाइल परत देतात, त्या व्हेरी गुडचा अर्थ आम्ही हे वापरणार नाही असा असतो.

मी लावतो ती पद्धत सांगतो. आधी वॉर्डात बसणं आणि हाताने काढलेला प्रोसेस मॅप, आणि तो मॅप सिस्टर इन्चार्जना दाखवून त्यांच्याकडून लाल पेनाने दुरुस्त करून आणायचा, लाल खुणा नसतील तर परत पाठवतो. मग एकच मोजमाप, उदाहरणार्थ रिपोर्ट तयार झाल्यापासून डॉक्टरच्या नजरेला पडेपर्यंतचा वेळ. मग सिम्युलेशन किंवा मॉडेल. त्यानंतर वाटलंच तर सॉफ्टवेअर.

टीम मिसळून करा, एक कोडिंगवाला, एक इंडस्ट्रियल किंवा मेकॅनिकलचा, एक मेडिकल किंवा नर्सिंगचा. पहिले काही आठवडे एकमेकांना काही कळत नाही. मेडिकलच्या मुलीला डेटाबेसचा जॉइन कळत नाही आणि कोडिंगवाल्याला क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं हे माहीत नसतं, पण दोघांनी एकमेकांना शिकवायचं ही अटच घाला, तुम्ही मध्ये बोलू नका.

आणि हँडओव्हर, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहितोय. प्रत्येक बॅचने जाताना चार गोष्टी ठेवून जायच्या: गिटवर चालणारा कोड, डेटा डिक्शनरी ज्यात प्रत्येक कॉलम कोण आणि कधी भरतं हे लिहिलेलं, काय जमलं नाही त्याची यादी, आणि हॉस्पिटलमधल्या कोणाला कधी भेटायचं याची टीप. पुढच्या बॅचच्या एकाने तो कोड स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवल्याशिवाय जुन्या बॅचची सबमिशनची सही करत नाही. ओरडतात, पण दुसऱ्या वर्षी तेच ज्युनियरला समजावून सांगतात. सीनियर-ज्युनियर सेमिस्टरभर एकत्र राहतील असं वेळापत्रक बसवता आलं तर सोन्याहून पिवळं. पेशंटचा डेटा मात्र हॉस्पिटलच्याच मशीनवर राहतो, तो हँडओव्हरमध्ये येत नाही.

दर सेमिस्टरला हॉस्पिटलात पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन करा, मराठीत, ज्यांनी वेळ दिला त्या सिस्टर, टेक्निशियन, क्लार्क सगळ्यांना बोलावून. बहुतेक लोक डेटा घेऊन गायब होतात म्हणूनच पुढच्याला दारात उभं करत नाहीत.

पायरी ७: पेपर आणि पैसे

एकाच कामाचे दोन वाचक असतात. इन्फर्मॅटिक्सवाल्यांसाठी जामिया (अमेरिकन मेडिकल इन्फर्मॅटिक्स असोसिएशनचं जर्नल), अप्लाइड क्लिनिकल इन्फर्मॅटिक्स, इंटरनॅशनल जर्नल ऑफ मेडिकल इन्फर्मॅटिक्स. सिस्टिम्सवाल्यांसाठी हेल्थ केअर मॅनेजमेंट सायन्स. पहिले विचारतात पेशंटला काय फरक पडला, दुसरे विचारतात मेथडमध्ये नवीन काय. एकाच पेपरमध्ये दोघांना खूश करायला गेलात तर दोन्हीकडून नकार येतो. लेखकांची नावं काम सुरू होतानाच कागदावर ठरवा, नंतर ठरवताना नाती बिघडतात.

पैशासाठी आयसीएमआर आणि एएनआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधनाला पैसे देणारी संस्था, जी पूर्वीच्या सर्बच्या (एसईआरबी) जागी आली. पहिलं प्रपोजल छोटं ठेवा, एक हॉस्पिटल, एक प्रश्न, एक जेआरएफ.

पायरी ८: बाहेर जायचं असेल तर

आपली बरीच मुलं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायला अमेरिकेत जातातच, तिथे हा विषय जुना आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन, पर्ड्यू ही नावं आधी बघा. एक गोष्ट कोणी सांगत नाही: तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या टी-फिफ्टीन ट्रेनिंग ग्रँटची स्टायपेंड सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते, त्यामुळे वेबसाइटवर ती बघून हुरळू नका, प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून रिसर्च असिस्टंटशिप आहे का ते थेट मेलवर विचारा. डॉक्टरांसाठी तिथे क्लिनिकल इन्फर्मॅटिक्स ही सबस्पेशालिटी २०११ मध्ये मान्य झाली, पण तिकडे जायला आधी रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी ट्रेनिंग, लागते.

नोकरी घेताना

इंटरव्ह्यूला जाताना हँडओव्हरची एक फाइल प्रिंट काढून न्या, तीन बॅचचं एकाच प्रश्नावरचं काम सलग दिसलं की पॅनेलला वेगळं सांगावं लागत नाही. तुम्हीही विचारा: आठवड्यातून एक सकाळ हॉस्पिटलसाठी मोकळी मिळेल का, कारण लेक्चर सगळी सकाळीच लावली तर ओपीडी तुम्हाला कधीच दिसणार नाही. दुसऱ्या कॉलेजातल्या डॉक्टरला को-गाइड म्हणून युनिव्हर्सिटी मान्यता देते का. प्रमोशनच्या वेळी दुसऱ्या शाखेच्या जर्नलमधला पेपर धरतात का. आणि हॉस्पिटलबरोबरचा करार कॉलेजच्या नावावर होणार की तुमच्या प्रोजेक्टच्या, तुम्ही सोडून गेलात तर डेटाचं आणि मधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं काय होणार, हे जॉइनिंग लेटरच्या आधी लेखी घ्या.